काही न उघडताच हॉटस्पॉटचा डेटा जातो कुठे? संगणकातून बाहेर पडणाऱ्या कनेक्शनवर नजर ठेवायची सोपी ओळख

पावसाळ्यात कोकणात फायबर तुटणं नवीन नाही. झाड पडतं, दरड येते, रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात केबलला लागतो आणि घरचं नेट दोन-तीन दिवस बसतं. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवायचा. त्यानंतरची तक्रार ठरलेली असते: एक मेल पाठवला, जीएसटीचं पोर्टल उघडलं आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आत संपला. मोबाइल कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. पण बहुतेक वेळा तो डेटा लॅपटॉपनेच खर्च केलेला असतो, तोही तुम्ही हात न लावलेल्या प्रोग्रॅमांनी.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. २०२४ पासून एक फसवणूक जगभर पसरली आहे. एखाद्या वेबसाइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ अशी खिडकी येते. ती चित्रं ओळखायला सांगत नाही; विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगते. माणूस तसं करतो. स्क्रीनवर काहीच घडत नाही. आत मात्र एक लहानसा प्रोग्रॅम बाहेरून उतरवला जातो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून तो पाठवून देतो.

या दोन्हींच्या मुळाशी एकच चौकशी आहे: माझ्या संगणकातून कोण, कुठे आणि किती जातंय? ती करायला इंजिनिअर असावं लागत नाही. लागणारी बरीचशी साधनं विंडोजमध्ये आधीपासूनच आहेत.

कनेक्शन म्हणजे नेमकं काय

चिपळूणच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक बसलेला असतो. सुटणारी गाडी कोणत्या आगाराची, कोणत्या गावाला चालली, शेवटचा थांबा कुठला आणि सुटली किती वाजता, याची तो नोंद करतो. प्रवाशांच्या पिशव्या मात्र उघडून बघत नाही. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनची नोंद अगदी अशीच असते. आगाराच्या जागी प्रोग्रॅमचं नाव, गावाच्या जागी आयपी ॲड्रेस आणि थांब्याच्या जागी पोर्ट.

आयपी ॲड्रेस म्हणजे पलीकडच्या संगणकाचा आकड्यांतला पत्ता. पोर्ट म्हणजे त्या संगणकावर कोणत्या कामासाठी हाक मारली ते सांगणारा क्रमांक. पाच-सहा क्रमांक ओळखीचे झाले तरी पुरतात. ४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइट, ८० म्हणजे जुनी, कुलूप नसलेली वेबसाइट. ५३ वर वेबसाइटच्या नावावरून पत्ता विचारला जातो, १२३ वर घड्याळाची वेळ जुळवली जाते. ५८७ आणि ९९३ मेलचे.

इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. बाहेर जाणारं कनेक्शन म्हणजे फक्त अपलोड नव्हे. हाक कोणी मारली यावरून दिशा ठरते. तुम्ही व्हिडिओ बघता तेव्हा माहिती आत येते, पण सुरुवात तुमच्या ब्राउझरने केलेली असते, म्हणून ते कनेक्शन बाहेर जाणारंच. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमचं बाहेर जाणं अडवलं की त्याचं डाउनलोड आणि अपडेटही थांबतं.

फायरवॉल चालू आहे, मग हे सुटतं कसं?

विंडोजच्या फायरवॉलचं, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं, मूळ धोरण असं आहे: बाहेरून कोणी आगंतुक आला तर अडवायचं, आतून कोणी निघालं तर जाऊ द्यायचं. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल आपोआप चालू राहू लागला, पण त्याला बाहेर जाणाऱ्यावर नियंत्रण ठेवताच येत नव्हतं. ती सोय व्हिस्टामध्ये आली. आजच्या विंडोज ११ मध्येही ती आहे, फक्त ‘सगळ्यांना जाऊ द्या’ या अवस्थेत ठेवलेली. घरच्या राउटरचंही तेच.

यात मायक्रोसॉफ्टचा आळस नाही. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ‘जाऊ देऊ का?’ असं विचारलं तर सामान्य माणूस तिसऱ्या दिवशी न वाचताच ‘हो’ दाबायला लागतो, हा अनुभव जुना आहे. खाली बघण्यावर जास्त भर आहे आणि अडवण्यावर कमी, तोही याच कारणाने.

आधी आठवडाभर नुसतं बघा

स्टार्ट मेनूत ‘रिसोर्स मॉनिटर’ असं इंग्रजीत शोधा, किंवा विंडोज आणि आर दाबून आर-ई-एस-एम-ओ-एन ही सहा अक्षरं सलग लिहा. (हीच खिडकी भामटेही वापरायला लावतात. फरक एवढाच की इथे काय लिहिताय ते तुम्हाला दिसतंय. दुसऱ्याने कॉपी करून दिलेलं तिथे कधीच चिकटवू नका.) उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘नेटवर्क’ या टॅबवर जा.

वरच्या भागात सध्या नेट वापरणारे प्रोग्रॅम दिसतील, प्रत्येकासमोर दर सेकंदाला किती बाइट गेले आणि किती आले. ‘टोटल’ या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो. प्रोग्रॅमच्या डाव्या चौकोनात खूण केली की खालच्या भागांत फक्त त्याचीच कनेक्शनं उरतात: कोणता पत्ता, कोणता पोर्ट.

‘टीसीपी कनेक्शन्स’ या भागावरच विसंबू नका. आजचे ब्राउझर बऱ्याच वेबसाइटशी यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने बोलतात. पोर्ट तोच, ४४३, पण त्या भागात ते दिसत नाही. ‘नेटवर्क ॲक्टिव्हिटी’ या भागात दिसतं.

रिसोर्स मॉनिटर पुरेसा वाटला नाही तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘टीसीपीव्ह्यू’ मोफत उतरवून घ्या. नवं कनेक्शन हिरव्या, तुटलेलं लाल आणि बदललेलं पिवळ्या पट्टीत येतं, त्यामुळे क्षणभर येऊन गेलेलंही डोळ्यांत भरतं. ‘नेटस्टॅट’ ही जुनी कमांड बरेच जण सुचवतात. ती वाईट नाही, पण ती त्या क्षणाचा फोटो काढते. अर्ध्या सेकंदात जाऊन आलेला प्रोग्रॅम त्या फोटोत सापडत नाही.

बघायची वेळही महत्त्वाची. संगणक सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं, आणि सगळं बंद करून नुसता चालू ठेवलेला अर्धा तास. तुम्ही काहीच करत नसताना कोण बोलतंय, ते तेव्हाच कळतं.

यादीतली नावं बघून घाबरण्याआधी

पहिल्यांदा यादी उघडणाऱ्याला ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव दहा-बारा वेळा दिसतं आणि व्हायरस घुसला असं वाटतं. हे विंडोजच्या स्वतःच्या सेवा चालवणारं कवच आहे: अपडेट, घड्याळ, नावावरून पत्ता शोधणं अशा सेवा त्याच्या आत चालतात. साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून बहुतेक सेवांना वेगळं कवच मिळतं, म्हणून संख्या जास्त. नावापुढचा पीआयडी हा आकडा लक्षात ठेवा, टास्क मॅनेजरच्या ‘सर्व्हिसेस’ टॅबमध्ये तोच आकडा शोधा, आत कोण आहे ते कळेल. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये, क्वचित सिसवाव६४ मध्ये राहतो. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये सापडली तर ती तोतया आहे.

१२७.०.०.१ हा पत्ता दिसला तर ते कनेक्शन संगणकाबाहेर गेलेलंच नाही. एक प्रोग्रॅम त्याच संगणकावरच्या दुसऱ्याशी बोलतोय. सेवा केंद्र किंवा बँकमित्राचं काम करणाऱ्यांच्या संगणकावर हे हमखास दिसतं. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या मशीनची आरडी सर्व्हिस याच पत्त्यावर ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर ब्राउझरची वाट बघत असते. तिला हात लावू नका. तिला कंपनीच्या सर्व्हरशी बोलायला बाहेरही जावं लागतं. ते अडवलं की मशीन ‘नॉट रेडी’ दाखवतं आणि बाहेर रांग वाढते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तुमच्याच घरातले: प्रिंटर, टीव्ही, राउटर.

उरलेल्या अनोळखी नावासाठी टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये त्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ करा. फाइल सापडली की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे का आणि सही कोणाची आहे ते बघा. फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि सही ओळखीच्या कंपनीची असेल तर बहुधा ठीक. टेंप किंवा रोमिंग नावाच्या फोल्डरात पडलेली, सही नसलेली, नावात अर्थहीन अक्षरं असलेली फाइल बाहेर बोलत असेल तर थांबून नीट बघायला हवं. सही नसणं हा एकटाच पुरावा नव्हे. स्थानिक विक्रेत्याने करून दिलेलं बिलिंग सॉफ्टवेअरही बऱ्याचदा बिनसहीचं असतं.

दीड जीबी खाल्ला कोणी?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज आणि मग डेटा युसेज. गेल्या ३० दिवसांत प्रत्येक ॲपने किती डेटा वापरला ते इथे मिळतं, आणि हॉटस्पॉटचा हिशोब वेगळा बघता येतो. साधारणपणे वरच्या चारांत ब्राउझर, विंडोज अपडेट, वनड्राइव्हसारखा फोटो-फाइल वर चढवणारा प्रोग्रॅम आणि एखाद्या गेमचा लाँचर असतो.

यातल्या बहुतेकांना आवरायला फायरवॉल लागतच नाही. सेटिंग्जमध्ये वायफायच्या पानावर जाऊन तुमच्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. हे मोजून मिळणारं नेट आहे, असं विंडोजला कळतं. मग मोठे अपडेट बहुतांशी थांबतात आणि वनड्राइव्ह आपोआप विसावतो. खूण त्या एका नेटवर्कपुरतीच असते. घरचं फायबर परत आलं की सगळं पूर्ववत. यूएसबी केबलने मोबाइल जोडत असाल तर ते नेट ‘इथरनेट’ म्हणून दिसतं, खूण तिथे वेगळी करावी लागते. नुसता वायफायचा खटका दाबून केबल लावणारे इथेच फसतात. ब्राउझर ही खूण फारशी मनावर घेत नाही, व्हिडिओ आपणहून सुरू होणं तिथे वेगळं बंद करावं लागतं.

दुसरी जागा विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधली ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. तिथे इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी देवाणघेवाण करण्याचा पर्याय निवडलेला असेल तर तुम्ही उतरवलेले अपडेट तुमचा संगणक परक्यांनाही वाटत बसतो. त्याच पानावरच्या ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये किती वाटलं याचा आकडा असतो. ‘अलाऊ डाउनलोड्स फ्रॉम अदर पीसीज’ बंद केलं की वाटणं संपलं.

गणपतीला गावी येऊन सड्यावरच्या रेंजवर ऑफिसचं काम करणाऱ्या चाकरमान्यांसाठी एक गोष्ट: लॅपटॉप कंपनीचा असेल तर मीटर्डची खूण तेवढी करा. पुढे येणारे फायरवॉलचे बदल कंपनीच्या आयटीवाल्यांना न विचारता करू नका. बरेचदा ते तुम्हाला करताही येणार नाहीत.

एखाद्याला बाहेर जाऊच द्यायचं नसेल तर

सुरुवात परतीच्या वाटेने करा. विंडोज आणि आर दाबून डब्ल्यू-एफ-डॉट-एम-एस-सी अशी अक्षरं इंग्रजीत लिहिली की फायरवॉलचा सविस्तर भाग उघडतो. ‘ॲक्शन’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ करून आजची अवस्था फाइलमध्ये साठवा. पुढे काही बिघडलं तर ‘इम्पोर्ट पॉलिसी’ने ती परत आणता येते. मधले सगळे बदल त्यात पुसले जातात, हे ध्यानात असू द्या.

मग डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’, उजवीकडे ‘न्यू रूल’. प्रकार ‘प्रोग्रॅम’ निवडा, फाइलचा मार्ग दाखवा, ‘ब्लॉक द कनेक्शन’ करा. त्यानंतर डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन चौकोन येतात. तिन्हींत खूण ठेवा. फक्त प्रायव्हेटला खूण केली तर नियम घरच्या वायफायवर चालतो आणि लॉजच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर, जिथे त्याची खरी गरज असते, तिथे चालत नाही. शेवटी नाव देताना आपल्याला सहा महिन्यांनी कळेल असं द्या, तारखेसकट. नंतर तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये तपासा.

नियम केला तरी प्रोग्रॅम बाहेर जातोच, असं झालं तर कारण बहुधा दोनांपैकी एक. पहिलं, प्रोग्रॅम एका फाइलचा नसतो. मुख्य फाइल अडवली, पण तिच्या शेजारची ‘अपडेटर’ किंवा ‘हेल्पर’ नावाची फाइल मोकळीच राहिली. दुसरं, काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटला नव्या आवृत्तीच्या क्रमांकाचं नवं फोल्डर करतात. नियम जुन्या फोल्डरातल्या फाइलवर चिकटलेला राहतो आणि नवी फाइल सुटते.

‘अडवा’ आणि ‘जाऊ द्या’ असे दोन नियम एकाच प्रोग्रॅमवर आले तर विंडोजमध्ये सामान्यपणे ‘अडवा’ जिंकतो. यादीत कोणता वर आणि कोणता खाली, याला अर्थ नाही.

पत्त्यांवर नियम करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. मोठ्या सेवांचे पत्ते सारखे बदलतात, आणि एकाच पत्त्यामागे शेकडो वेबसाइट असतात. नको असलेली जाहिरात अडवायला जाल आणि बँकेचं पान अर्धवट उघडायला लागेल.

काही ठराविक प्रोग्रॅम मात्र घरच्या संगणकावर निःशंक अडवावेत: ‘एमएसएचटीए’, ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ आणि ‘सीस्क्रिप्ट’. तिन्ही विंडोजचेच, लिहून ठेवलेले हुकूम (स्क्रिप्ट) चालवणारे आहेत, तिन्हींच्या प्रती सिस्टिम३२ आणि सिसवाव६४ अशा दोन्ही फोल्डरांत असतात, आणि घरगुती वापरात त्यांना इंटरनेटवर जायचं काही कारण नसतं. सुरुवातीला सांगितलेली रोबोटची फसवणूक बऱ्याचदा एमएसएचटीए किंवा पॉवरशेल (लिहिलेले हुकूम चालवणारा विंडोजचाच आणखी एक प्रोग्रॅम) यांच्या हातूनच बाहेरचा माल आत आणते. तुम्ही किंवा तुमचा दुरुस्तीवाला पॉवरशेल वापरत नसेल तर तोही दोन्ही ठिकाणी अडवा. एवढ्याने सगळ्या वाटा बंद होत नाहीत. ‘कर्ल’ नावाचा फाइल उतरवणारा प्रोग्रॅमही २०१८ पासून विंडोजबरोबरच येतो आणि चोरांना तो माहीत आहे.

उलटं केलं तर? सगळं बंद, हवं तेवढंच चालू

हे करता येतं. फायरवॉलच्या त्याच खिडकीत ‘प्रॉपर्टीज’मध्ये तिन्ही टॅबवर ‘आउटबाउंड कनेक्शन्स’ समोर ‘ब्लॉक’ निवडायचं. त्यानंतर काय होतं ते आधी जाणून घ्या. संगणकाला स्वतःचा आयपी ॲड्रेस मिळणं आणि वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणं चालू राहतं, कारण त्यांचे नियम विंडोजमध्ये आधीच असतात. म्हणून वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. कोणाला अडवलं हे विंडोज सांगत नाही. गपचूप अडवतं. ब्राउझर, अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, प्रिंटर, टॅली, आरडी सर्व्हिस, एकेकासाठी परवानगीचा नियम तुम्हाला हाताने करावा लागतो.

सगळ्यात वेड लावणारा बिघाड घड्याळाचा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपत आलेला असतो. आपल्याकडे जूनपासून वीज जात-येत राहते, आणि प्रत्येक वेळी घड्याळ मागे पडतं. एरवी विंडोज पोर्ट १२३ वरून वेळ जुळवून घेतं. ते अडवलं तर तारीख चुकीचीच राहते आणि बँकेपासून मेलपर्यंत प्रत्येक सुरक्षित वेबसाइट ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून नकार देते. माणूस नेटला दोष देत राहतो.

काय अडलं ते शोधायला त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘लॉगिंग’ आहे. ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ला ‘येस’ करा. नोंदी विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२, लॉगफाइल्स, फायरवॉल इथल्या फाइलमध्ये जमतात. फाइलची मर्यादा सुरुवातीला ४,०९६ केबी असते. प्रोग्रॅमच्या नावासकट नोंद हवी असेल तर ऑडिट चालू करून सिक्युरिटी लॉगमध्ये ५१५७ क्रमांकाच्या घटना बघाव्या लागतात.

जो माणूस हे लॉग वाचत बसणार आहे त्यानेच ही वाट धरावी. घरात चारजण वापरतात त्या संगणकावर ती धरू नये. तिसऱ्या दिवशी कोणीतरी वैतागून अख्खा फायरवॉलच बंद करतं, आणि मग बाहेरून येणाऱ्यांनाही रान मोकळं.

प्रत्येक वेळी विचारणारा प्रोग्रॅम घ्यावा का?

मधला मार्ग आहे. विंडोज आणि लिनक्ससाठी ‘पोर्टमास्टर’, फक्त लिनक्ससाठी ‘ओपनस्निच’, मॅकसाठी मोफत ‘लुलू’ किंवा विकतचा ‘लिटल स्निच’. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेर निघाला की हे विचारतात आणि उत्तर लक्षात ठेवतात. मॅकवाल्यांना याची गरज जास्त, कारण मॅकचा स्वतःचा फायरवॉल फक्त आत येणाऱ्यांकडे बघतो. नुसता आलेख आणि इतिहास हवा असेल तर विंडोजवर ‘ग्लासवायर’ आहे.

पहिले दोन-तीन दिवस प्रश्नांचा भडिमार होतो, मग शांत होतं. एका वेळी असा एकच प्रोग्रॅम ठेवा. दोन ठेवले की एकाने सोडलेलं दुसरा अडवतो आणि दोष कुणाचा ते कळेनासं होतं. हे प्रोग्रॅम नेटच्या मुळाशी बसतात, म्हणून ते त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवा. ‘फ्री क्रॅक’वाल्या फायरवॉलइतकी विनोदी गोष्ट दुसरी नाही.

अँटिव्हायरस आहे की, मग हे कशाला?

अँटिव्हायरस फाइल वाईट आहे का ते तपासतो. पण फसवणुकीत वापरलेली फाइल कित्येकदा वाईट नसतेच. ‘वीज बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापू’ असा फोन येतो आणि समोरचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घालायला लावतो. हे दोन्ही कामाचे, कायदेशीर प्रोग्रॅम आहेत, संगणक दुरुस्तीवाले रोज वापरतात. अँटिव्हायरस त्यांना का अडवेल? पण तुम्ही कोणालाही संगणक दाखवत नसताना टीमव्ह्यूअरचं ५९३८ किंवा एनीडेस्कचं ६५६८ पोर्टवरचं कनेक्शन चालू दिसलं तर ती मोठी खूण आहे. ते ४४३ वरूनही जातात, त्यामुळे पोर्टपेक्षा प्रोग्रॅमचं नाव बघा. अशा वेळी फायरवॉलचा नियम करत बसू नका, प्रोग्रॅमच काढून टाका. लागेल तेव्हा पुन्हा घालता येतो.

आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?

मालवण-तारकर्लीच्या होमस्टेचा लॅपटॉप घ्या. त्यात पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो असतात, परदेशी पाहुणा आला तर पासपोर्ट आणि सरकारला २४ तासांत कळवायची त्याच्या मुक्कामाची माहिती. देवगडच्या आंबेवाल्याकडे हंगामातल्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर. यातलं बरंचसं तुमचं नाहीच, दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आहे. शिवाय पासवर्ड चोरणाऱ्याला तुमच्या फायली नको असतात. त्याला तुमचा मेल आणि व्हॉट्सॲप हवं असतं, म्हणजे तुमच्या नावाने गिऱ्हाइकाला ‘ॲडव्हान्स या नंबरवर पाठवा’ असं सांगता येतं.

या सगळ्यात काय दिसत नाही

पिशवीत काय आहे ते दिसत नाही. पोर्ट ४४३ वरचं जवळजवळ सगळं बोलणं कुलूपबंद असतं. कोणता प्रोग्रॅम, कोणत्या पत्त्यावर, किती केबी, इथवरच आपली नजर पोहोचते. पत्ता शोधून काढला तर बऱ्याचदा अकामाई, क्लाउडफ्लेअर किंवा ॲमेझॉन असं उत्तर येतं. या कंपन्या इतरांच्या वेबसाइटना जागा भाड्याने देतात, त्यामुळे ‘पत्ता ॲमेझॉनचा, म्हणजे सुरक्षित’ हे खोटं आणि ‘पत्ता अमेरिकेतला, म्हणजे हॅकर’ हेही खोटं.

खरा चलाख व्हायरस ब्राउझरच्या आत शिरून त्याच्याच नावाने बाहेर जातो. त्याला ॲडमिनचे अधिकार मिळाले तर तो फायरवॉलमध्ये स्वतःसाठी नियमही लिहितो. म्हणून रोजच्या वापराचं खातं ॲडमिनचं नसावं. कोणत्याही नियमापेक्षा हे एक पाऊल जास्त कामाचं आहे, आणि विंडोज १० वर अडकलेल्यांसाठी तर फारच. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि वाढीव मुदतीत नाव न नोंदवलेल्या संगणकांना सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत.

संशय खरा निघाला तर

प्रथम नेट तोडा: वायफाय बंद, केबल बाहेर. संगणक लगेच बंद करू नका. चालू असतानाच त्या प्रोग्रॅमचं नाव, फाइलचा मार्ग आणि पत्ता यांचा मोबाइलने फोटो काढा, पुढे तक्रारीत तो लागतो. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. साफसफाईसाठी सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर मोफत साधनं आहेत. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम सापडला असेल तर विंडोज पुसून नव्याने घालणं हेच खात्रीचं.

पासवर्ड बदलताना तो संगणक वापरू नका, मोबाइलवरून बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, कारण मेल हातात असला की बाकीचे सगळे पासवर्ड नव्याने मागवता येतात. पासवर्ड बदलून झाल्यावर प्रत्येक खात्याच्या सुरक्षा पानावर ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय शोधून तोही दाबा. चोराने ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणा, म्हणजे कुकी, उचललेल्या असतात, आणि काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यानंतरही त्या चालू राहतात.